छोट्या बोटीवर सर्चलाइटची जागा कशी ठरवावी

छोट्या बोटीवर सर्चलाइट बसवताना बरेच जण दिवा कुठे शोभेल किंवा वायर कुठून सहज नेता येईल, हे आधी बघतात. जागा ठरवायची ती बोट चालवणाऱ्याच्या डोळ्यांवरून. रात्री दिवा लावल्यावर चालवणाऱ्याला स्वतःच्या बोटीचा एकही उजळलेला भाग दिसता कामा नये. ही एक अट पाळली तर साधा दिवाही भरपूर काम देतो, आणि ती मोडली तर कितीही शक्तिशाली दिवा चालवणाऱ्यालाच आंधळा करतो.

इथे ५ ते ८ मीटर लांबीची, १२ व्होल्टची बॅटरी असलेली बोट धरली आहे. उघडी असो वा केबिनची, विचाराची पद्धत तीच.

उजेड उलटा डोळ्यांत का येतो

अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. ती सवय मोडायला मात्र काही सेकंदांचा पांढरा उजेड पुरतो. म्हणून सर्चलाइट म्हणजे मोटारीचा हेडलाइट नव्हे. तो सतत लावून बोट चालवायची नसते. बोया (पाण्यात नांगरून ठेवलेली तरंगती खूण) शोधायचा, धक्क्याला लागायचं, जाळ्यांचे तरंगते खूणगोळे चुकवायचे, पाण्यात पडलेला माणूस शोधायचा, एवढ्यापुरता लावायचा आणि बंद करायचा. त्या थोड्या वेळात डोळ्यांवर आपल्याच बोटीवरून परतलेला उजेड आला, तर दिवा विझवल्यावर पुढची वीस मिनिटं समोर काळोखाशिवाय काही दिसत नाही.

हा परतलेला उजेड किती असतो, त्याचा हिशोब करून बघा. समजा दिव्यापासून ३ मीटरवर नाळेचं, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचं, चकचकीत रेलिंग आहे आणि तुम्ही १०० मीटरवरचा बोया शोधताय. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे सारख्याच तीव्रतेचा झोत दोघांवर पडला तर रेलिंगवर बोयापेक्षा सुमारे १,१०० पट जास्त उजेड पडतो. झोताचा मध्य रेलिंगवर पडत नाही, फक्त कडेचा सांडलेला उजेड पडतो, असं म्हणाल, तर तो मध्यापेक्षा शंभरपट मंद धरा. तरीही रेलिंगवर बोयापेक्षा अकरापट उजेड असतो. डोळ्याची बाहुली त्या रेलिंगला बघून आकसते आणि बोया अंधारात राहतो. दिवा बदलून जास्त ताकदीचा आणला तर रेलिंगही त्याच प्रमाणात जास्त उजळतं, त्यामुळे काही साधत नाही. जागा चुकली असेल तर ती जास्त वॅटनं भरून निघत नाही.

रेलिंगसारखीच बाकीची अपराधी मंडळी म्हणजे पांढरा जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत बाहेरचा थर) असलेला पुढचा डेक, समोरची काच, अँटेनाचे पांढरे दांडे, नांगराचा चकचकीत दांडा, ताडपत्रीच्या सांगाड्याच्या नळ्या. हवेतलं पाणीही त्यातच येतं. धुकं, पाऊस, लाटेचे तुषार यांतला प्रत्येक थेंब थोडा उजेड मागे फेकतो. दाट धुक्यात तर सर्चलाइट जवळजवळ निरुपयोगीच असतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. तिथे वेग कमी करून दिवा बंद ठेवणंच शहाणपणाचं.

काचेच्या आतून झोत टाकण्याचा विचारही करू नका. साधी स्वच्छ काचसुद्धा समोरून पडलेल्या उजेडापैकी सुमारे ८ टक्के उजेड परत पाठवते. काच तिरकी असेल, तिच्यावर मीठ किंवा ओरखडे असतील, तर त्याहून बरंच जास्त.

कोणत्या जागा मिळू शकतात

नाळेवर, रेलिंगच्याही पुढे किंवा त्याच्या सर्वात पुढच्या नळीवर. चालवणाऱ्याच्या नजरेत आपल्याच बोटीचा भाग येऊ नये यासाठी ही जागा सर्वात चांगली. झोत सुरू होतो तोच बोटीच्या पुढे. धुकट हवेतही फायदा असतो, कारण झोताचा सुरुवातीचा सर्वात प्रखर भाग डोळ्यांपासून दूर राहतो. तोटेही खरे आहेत. लाटेचा पहिला मारा दिव्यावर बसतो, काचेवर मिठाचा थर साचतो, आणि नांगराची साखळी, दोर, बोया वर घेताना माणसाचे पाय, सगळं तिथेच अडखळतं. दोराचा फास दिव्यात अडकून दिवा मुळासकट उपटला जाणं हा नाळेवरच्या दिव्यांचा नेहमीचा शेवट आहे. तिथे बसवायचाच असेल तर नांगराच्या रोलरपासून आणि दोर बांधायच्या खुंट्यापासून निदान ३० सेंटिमीटर बाजूला घ्या आणि दोर ज्या कोनातून ताणला जातो तो कोन मोकळा ठेवा. रेलिंगची नळी बारीक असेल तर इंजिनाच्या कंपनानं झोत थरथरतो, हेही लक्षात असू द्या. हात लावून हलवल्यावर नळी लवत असेल तर ती दिव्याच्या कामाची नाही.

केबिनच्या छताची पुढची कड. केबिनच्या बोटीला ही जागा बहुधा सर्वात बरी. दिवा उंच असतो, कोरडा राहतो, वायर छतातून खाली आणता येते. छतातून खाली हँडल येणारा दिवा घेतला तर चालवणारा बसल्या जागेवरून तो फिरवू शकतो. मात्र दिवा छताच्या अगदी कडेशीच हवा. कडेपासून ४०-५० सेंटिमीटर मागे बसवला की छताचा पुढचा भागच उजळतो. कडेला बसवूनही खालचा डेक उजळत असेल तर दिव्याखाली मंद काळ्या रंगाची आडवी पट्टी लावतात. दिव्याच्या तोंडाच्या दुप्पट रुंद आणि तोंडाच्या पुढे १० ते १५ सेंटिमीटर येईल अशी. ती खाली सांडणारा उजेड अडवते. दिवा जितका खाली झुकवायचा आहे तितकी पट्टी झोताच्या आड येते, त्यामुळे लांबी आधी पुठ्ठा लावून ठरवा आणि मगच धातूची कापा.

उघड्या बोटीवरची मधली छत्री किंवा मागची कमान. उंची चांगली मिळते, पण इथून झोत बोट चालवणाऱ्याच्या डोक्यावरून आणि पुढे बसलेल्या माणसांवरून जातो. नाळेवर कोणी बोया धरायला उभा राहिला की त्याची सावली नेमकी बोयावर पडते, आणि तो मागे वळला की त्याचे डोळे दिपतात. मागच्या कमानीवर पुढे बघणारा सर्चलाइट बसवू नये, असंच आमचं स्पष्ट मत आहे. मागे काम करण्यासाठी खाली बघणारा पसरट दिवा तिथे ठीक.

काचेची चौकट किंवा स्टिअरिंगची पेटी. वायर सर्वात आखूड लागते म्हणून ही जागा मोहात पाडते, आणि सर्वात जास्त पस्तावा इथेच होतो. दिवा डोळ्यांच्या पातळीत, नाळेपासून लांब आणि अख्खा पांढरा डेक त्याच्या समोर.

नाळेची सावली मोजून बघा

मागे बसवलेल्या दिव्याचा झोत नाळेनं अडवला जातो आणि नाळेच्या लगेच पुढचं पाणी अंधारात राहतं. ओंडका, दोर, खूणगोळा याच पट्ट्यात शेवटच्या क्षणी दिसायला हवा असतो. हा पट्टा टेपनं तीन मापं घेऊन काढता येतो: दिव्याची पाण्यापासून उंची, नाळेच्या कडेची पाण्यापासून उंची, आणि दिव्यापासून नाळेपर्यंतचं आडवं अंतर. नाळेची उंची गुणिले आडवं अंतर करा आणि त्याला दोन उंचींमधल्या फरकानं भागा. उत्तर म्हणजे नाळेपुढे किती मीटर पाणी अंधारात राहणार.

उदाहरण घेऊ. नाळ पाण्यापासून ०.९ मीटर, दिवा नाळेपासून ३ मीटर मागे. दिवा छतावर २.२ मीटर उंचीवर असेल तर अंधाराचा पट्टा २.१ मीटरचा. तोच दिवा स्टिअरिंगच्या पेटीवर १.४ मीटर उंचीवर असेल तर ५.४ मीटर.

हे झालं बोट स्थिर असताना. वेग घेताना नाळ उचलली जाते. दिव्याच्या तुलनेत नाळ ५ अंश वर गेली की ३ मीटरवर ती सुमारे २६ सेंटिमीटर चढते. मग छतावरच्या दिव्याचा अंधारा पट्टा ३.३ मीटर होतो, आणि पेटीवरच्या दिव्याचा १४.५ मीटर, म्हणजे बोटीच्या लांबीच्या दुपटीच्या आसपास. उंचीतला ८० सेंटिमीटरचा फरक इतका महाग पडतो. म्हणून मापं नेहमी बोट पाण्यात असताना, रोजचं वजन आणि माणसं घेऊन काढा. ट्रेलरवर उभ्या बोटीची नाळ वेगळ्याच कोनात असते.

याच कारणानं पक्का, न हलणारा दिवा पुढे बघण्यासाठी कामाचा नाही. नाळ ५ अंश उचलली की सरळ समोर लावलेला झोत १०० मीटरवर जवळजवळ पावणेनऊ मीटर वर जातो आणि आकाश उजळत बसतो. वरखाली आणि डावीउजवीकडे फिरणारा दिवा घ्या, हातानं फिरणारा असो की मोटारीवर.

झोताची रुंदीही इथेच ठरवा. ८ अंशांचा झोत १०० मीटरवर साधारण १४ मीटर रुंद पडतो, पण १० मीटरवर जेमतेम १.४ मीटर. दूरचा बोया शोधायला तो उत्तम, धक्क्याला लागताना अपुरा. एकाच दिव्याकडून दोन्ही कामं करून घेण्याच्या नादात जागेची तडजोड होते. धक्क्यासाठी बाजूला खाली बघणारा वेगळा पसरट दिवा लावलेला बरा.

चमकपट्टी दिसण्यासाठी दिवा डोळ्यांजवळ हवा

आतापर्यंत दिवा डोळ्यांपासून दूर न्या असं सांगितलं. एका बाबतीत मात्र गणित उलटं होतं. लाइफजॅकेटवर आणि बऱ्याच बोयांवर लावलेली चमकपट्टी आलेला उजेड जिथून आला त्याच दिशेला, अगदी चिंचोळ्या कोनात परत पाठवते. दिवा आणि डोळा यांच्यात अंतर वाढलं की ती चमक डोळ्यांपर्यंत पोचत नाही.

नाळेवरचा दिवा चालवणाऱ्याच्या ३ मीटर पुढे आहे, पण सरळ समोर बघताना तो जवळजवळ त्याच रेषेत असतो. उंचीत अर्ध्या मीटरचा फरक असेल तर १०० मीटरवर तो कोन ०.३ अंशाच्या आसपास, त्यामुळे पट्टी लखलखते. आता मान ९० अंश वळवून बाजूच्या पाण्यात ३० मीटरवर शोधा. तेच ३ मीटरचं अंतर आडवं येतं, कोन जवळपास ६ अंश होतो आणि पट्टी मळकट करड्या ठिपक्यासारखी दिसते किंवा दिसतच नाही. पाण्यात पडलेला माणूस बहुतेकदा बाजूलाच किंवा मागे असतो. म्हणून बसवलेला दिवा कितीही चांगला असो, कानाजवळ धरता येईल असा हातातला एक दिवा बोटीवर ठेवाच, चार्ज केलेला आणि चालवणाऱ्याच्या हाताशी. बसवलेल्या दिव्याच्या जागेवरून वाद घालण्यापेक्षा या दुसऱ्या दिव्यानं जास्त जीव वाचतील.

दुसऱ्यांना दिसणारे दिवे, होकायंत्र आणि रेडिओ

सर्चलाइटच्या शरीरानं बोटीचे नियमाचे दिवे झाकले जाऊ नयेत. लाल आणि हिरवा दिवा प्रत्येकी ११२.५ अंशांत, म्हणजे सरळ समोरून आडव्या रेषेच्या २२.५ अंश मागेपर्यंत दिसायला हवा. छोट्या बोटींवर हे दोन्ही रंग बहुधा नाळेवरच्या एकाच डबीत असतात आणि सर्चलाइटही नेमका तिच्या शेजारी येऊन बसतो. चारी बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा छताच्या दांडीवर असेल तर सर्चलाइट त्याच्या आड येत नाही ना, हेही बघा.

समुद्रावर टकरी टाळण्यासाठीचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम यात अगदी स्पष्ट आहेत. नियम २० प्रमाणे सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत असा कोणताही जादा दिवा लावता येत नाही जो नियमाच्या दिव्यांशी घोटाळा करेल, त्यांची ओळख पुसट करेल किंवा टेहळणीत अडथळा आणेल. नियम ३६ धोक्याच्या दिशेला सर्चलाइटचा झोत टाकायची मुभा देतो, पण दुसऱ्या जहाजाला त्रास होणार नाही अशा रीतीनं. समोरच्या बोटीच्या चालकावर झोत मारणं म्हणजे धडकेला आमंत्रण. बचावाला आलेल्या हेलिकॉप्टरवरही कधी मारू नये. आपला पांढरा डेक झोतानं उजळला तरी आपले लाल-हिरवे दिवे त्या उजेडात बुडतात, म्हणजे जागा चुकल्यानं चालवणाऱ्याचं आणि समोरच्याचं असं दोघांचंही नुकसान होतं. देशांतर्गत नद्या-जलाशयांवर वेगळे नियम असू शकतात, ते तिथे बघून घ्या.

मोटारीनं फिरणाऱ्या दिव्यात चुंबक असतात. होकायंत्रापासून निदान १ मीटर लांब राहा आणि तरीही तपासा. बोट बांधलेली असताना होकायंत्राचा अंक बघत दिवा चालू-बंद करा आणि टोकापासून टोकापर्यंत फिरवा. काटा हलला तर जागा बदला. कधी दोष दिव्याचा नसून वायरीचा असतो. जाणारी आणि येणारी वायर वेगवेगळ्या मार्गानं नेली आणि त्यातली एक होकायंत्राजवळून गेली, तर ५ अँपिअरचा प्रवाहसुद्धा ३० सेंटिमीटरवरून काटा काही अंश वळवू शकतो. दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन एकत्र नेल्या की दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना रद्द करतात आणि प्रश्न मिटतो.

एलईडी दिव्यातलं वीज नियंत्रित करणारं सर्किट रेडिओ लहरींचा गोंगाट करतं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलानं याबद्दल सुरक्षा इशारा काढला होता. एलईडी दिव्यांमुळे व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा नेहमीचा बोलण्याचा रेडिओ) आणि एआयएस (जहाजांची ओळख आणि जागा आपोआप कळवणारी यंत्रणा) यांना संदेश नीट मिळत नसल्याच्या तक्रारी आल्या होत्या. तपासायची पद्धत सोपी आहे. दिवा बंद ठेवून रेडिओ शांत चॅनेलवर लावा. स्क्वेल्चचं, म्हणजे रिकाम्या चॅनेलची खरखर दाबणारं, बटण खरखर ऐकू येईपर्यंत फिरवा, मग खरखर जेमतेम थांबेल इतकंच उलटं फिरवा. आता दिवा लावा. खरखर परत आली तर दिवा रेडिओच्या आड येतोय. अँटेनापासून दूर न्या. तरी फरक पडला नाही तर दिवाच बदला. ज्या रात्री दिवा लागतो त्याच रात्री रेडिओही लागतो, त्यामुळे इथे तडजोड नको.

भोक पाडण्याआधी एक रात्र

इथपर्यंत दोन-तीन जागा उरल्या असतील. त्यांतली एक कागदावर निवडू नका. लागणारं सामान थोडंच: नवा दिवा किंवा तशाच झोताचा हातातला दिवा, एक काठी, शिकंजा किंवा दोरी, चिकटपट्टी, टेप, पाण्याचा फवारा मारणारी बाटली आणि एक मदतनीस. शक्यतो चंद्र नसलेली रात्र निवडा.

१. बोट पाण्यात, शांत आणि अंधाऱ्या ठिकाणी बांधा. रोजचं सामान चढवा. पहिल्या जागेवर दिवा शिकंज्यानं किंवा काठीला बांधून नेमक्या उंचीवर धरा.

२. सगळे दिवे मालवून २० मिनिटं थांबा. मोबाइलही बघायचा नाही, नाहीतर चाचणीला अर्थ उरत नाही.

३. नेहमीच्या जागी बसा, दिवा १० सेकंद लावा. बोटीचं काय काय उजळलं ते मदतनिसाला सांगा. तो त्या त्या ठिकाणी चिकटपट्टीचा तुकडा लावेल. मग उभं राहून तेच पुन्हा करा. बसून ठीक वाटणारी जागा उभं राहिल्यावर बऱ्याचदा नापास होते, कारण डोळे दिव्याच्या रेषेत येतात.

४. झोत सरळ समोर, मग ४५ अंश डावीकडे, उजवीकडे, मग नाळेच्या पुढच्या पाण्यावर खाली झुकवून बघा. खाली झुकवल्यावरच डेकचा खरा त्रास कळतो.

५. मदतनिसानं दिव्याच्या अर्धा मीटर पुढे बाटलीतून बारीक फवारा मारायचा. हा धुक्याचा आणि तुषारांचा नमुना. फवाऱ्याचा पांढरा ढग समोरचं दृश्य पूर्ण झाकत असेल तर दिवा डोळ्यांपासून आणखी पुढे किंवा बाजूला न्या. स्टिअरिंग उजवीकडे असेल तर छतावरचा दिवा मध्यरेषेच्या थोडा डावीकडे घेतल्यानं बराच फरक पडतो.

६. मदतनिसाला धक्क्यावर ५० मीटर दूर पाठवा. आपले लाल, हिरवे आणि पांढरे दिवे सर्चलाइट चालू असताना ओळखू येतात का, ते त्यानं समोरून आणि दोन्ही बाजूंनी बघायचं.

७. हे सगळं प्रत्येक जागेसाठी. दोन जागांच्या मध्ये डोळ्यांना पुन्हा अंधारात विश्रांती द्यायलाच हवी. कंटाळवाणं आहे, पण नवखे लोक नेमकी हीच पायरी गाळतात आणि पुढे डेकमधली जुनी भोकं बुजवत बसतात.

एखादी जागा बाकी सगळ्यात पास झाली आणि फक्त रेलिंगची एक नळी चमकत असेल तर जागा सोडू नका. तेवढ्या भागावर चकाकी नसलेली काळी पट्टी गुंडाळा.

बसवताना

आधी दिवा पूर्ण फिरवून त्याचं शरीर कुठे आदळत नाही ना ते बघा. मोटारीचा दिवा रेलिंगला टेकला तर मोटर जळते किंवा गिअरचे दात तुटतात. चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. डेकच्या खालच्या बाजूला हात पोचतो का, तिथे वायर किंवा टाकी नाही ना, हेही आत्ताच.

फायबरच्या डेकच्या आत बहुधा बाल्साचं लाकूड, प्लायवूड किंवा फोम असतो. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की हा गाभा कुजतो आणि काही वर्षांनी डेक पायाखाली दबायला लागतो. त्यामुळे ६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आधी १२ मिलिमीटरचं भोक पाडा, खालून पट्टी चिकटवा, घट्ट केलेलं इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारं राळेसारखं चिकटद्रव्य) ओतून भरा, पूर्ण कडक होऊ द्या आणि मग त्याच्या मधोमध ६.५ मिलिमीटरचं भोक पाडा. गाभा आता इपॉक्सीच्या कड्याआड बंद झाला. वरच्या तोंडाला हलका उतार द्या, म्हणजे सीलंटला बसायला जागा मिळते. ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) किंवा सागरी सीलंट वापरा. कायमचं चिकटणारं पॉलियुरेथेन मात्र नको, दिवा कधीतरी काढावाच लागतो.

नुसते स्क्रू नकोत, आरपार बोल्ट हवेत. ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे, खाली मोठे वॉशर आणि दिव्याच्या बुडापेक्षा थोडी मोठी पट्टी. २-३ किलोचा दिवा लाटेवर आपटणाऱ्या बोटीत स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट जोर लावतो. अॅल्युमिनियमच्या बोटीवर स्टेनलेसचे बोल्ट थेट लावले तर खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम खाल्लं जातं. मधे नायलॉनचे वॉशर आणि बाही घाला. रबरी बोटीच्या हवेच्या नळ्यांना भोक पाडता येत नाही, हे उघड आहे. तिथे स्टिअरिंगच्या पेटीवरून उंच दांडा हाच मार्ग.

वायरिंग

५५ वॅटचा हॅलोजन दिवा १२ व्होल्टवर सुमारे ४.६ अँपिअर घेतो. बॅटरीपासून दिव्यापर्यंत वायरीचा मार्ग ६ मीटरचा असेल तर प्रवाह जाऊन-येऊन १२ मीटर फिरतो. १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत यामुळे ०.७ व्होल्टच्या आसपास घट येते, २.५ च्या वायरीत ०.४ आणि ४ च्या वायरीत ०.२५. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानानं फार वेगानं पडतो. १० टक्के व्होल्टेज गेलं की उजेड जवळजवळ ३० टक्के कमी होतो. घट ३ टक्क्यांच्या आसपास राहील अशी वायर घ्या, म्हणजे वरच्या उदाहरणात २.५, किंवा मार्ग लांबला तर ४. एलईडीचा प्रवाह कमी असतो म्हणून बारीक वायर चालते, पण मोटर असलेल्या दिव्याला मोटरचा प्रवाहही मिळवून मोजा.

वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक तांब्याच्या तारांची घ्या. घरातली एका जाड तारेची वायर कंपनानं तुटते, आणि मुलामा नसलेली तार आतून काळी पडून प्रतिकार वाढवते. जोड क्रिंप करून (खास पकडीनं दाबून) वर आतून गोंद असलेली, उष्णतेनं आकसणारी हीट श्रिंक नळी चढवा. फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळ, २० सेंटिमीटरच्या आत बसवा. फ्यूज दिव्यासाठी नसून वायरीसाठी असतो आणि तो दिव्याजवळ लावला तर मधली सगळी वायर संरक्षणाविना राहते. ४.६ अँपिअरला ७.५ चा फ्यूज पुरतो. सर्चलाइटची लाइन नियमाच्या दिव्यांपासून वेगळी ठेवा, नाहीतर एका बिघाडात सगळी बोट काळोखात जाते. अॅल्युमिनियमच्या बोटीत ऋण वायर बॅटरीपर्यंत वेगळी न्यायची, बोटीच्या शरीराचा वापर कधीच करायचा नाही.

डेकमधून वायर खाली जाते तिथे केबल ग्लँड (वायरीभोवती घट्ट बसून पाणी अडवणारी फिटिंग) लावा आणि त्याआधी वायरीला खाली झुकणारा एक वळसा द्या. वायरीवरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाशी गळून पडतं, भोकात जात नाही. रेलिंगच्या नळीला भोक पाडून आतून वायर नेण्याचा मोह टाळा. नळी तिथेच कमजोर होते आणि पाणीही धरते.

स्विच अंधारात चाचपून सापडेल असा, हाताच्या टप्प्यात, आणि त्यावर प्रखर निळी बत्ती नको.

सगळं बसल्यावर होकायंत्राची, रेडिओची आणि फवाऱ्याची चाचणी पुन्हा एकदा चालत्या बोटीवर, कमी वेगात आणि मग नेहमीच्या वेगात करा. पहिल्या महिनाभरात बोल्ट दोनदा तपासा, कारण ब्यूटाइल टेप दबल्यावर ते सैल होतात. आणि प्रत्येक फेरीनंतर दिव्याची काच गोड्या पाण्यानं धुवा. काचेवरचा मिठाचा थर झोत पसरवतो, आणि तो पसरलेला उजेड पहिल्यांदा तुमच्याच डेकवर पडतो.